आपांची दाढ आणि दोन देश

आपांची दाढ मोडली तेव्हा मी परदेशात होतो. म्हणजे कामावर होतो.

मी रोज सकाळी परदेशात जातो आणि संध्याकाळी जेवायला घरी येतो. घर नदीच्या उत्तरेला, कझाकस्तानात. दवाखाना दक्षिणेला, किर्गिझस्तानात, बिश्केक शहरात. मधे चू नदी, नदीवर पूल, पुलाच्या दोन्ही टोकांना एकेका देशाचा नाका, आणि नाक्यांवर रांगा. ऐकणाऱ्याला मी फार हिंडलेला माणूस वाटण्याची शक्यता आहे, म्हणून सांगून ठेवतो, मिनीबसमध्ये डुलकी लागायच्या आत माझा परदेश येतो. वेळ जातो तो सगळा रांगेत. आमच्या भागातल्या निम्म्या माणसांचं आयुष्य असंच चाललेलं असतं. त्यात बढाई मारण्यासारखं काही नाही आणि रडण्यासारखंही नाही. पायाला मात्र बूट चांगले लागतात.

दोन्ही देशांनी आपापसातलं कस्टम उठवलं, त्याच्या आधीची ही गोष्ट. तेव्हा पुलावरून नेलेल्या प्रत्येक वस्तूला कुणीतरी 'हे काय आहे' असं विचारायचं. दंतवैद्याच्या बॅगेला सहसा कुणी विचारत नसे. बॅग उघडली की चिमटे दिसायचे, आणि चिमटे दिसले की माणसं आपण होऊन बॅग बंद करायची.

त्या संध्याकाळी घरी आलो तर आपा भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. आपा म्हणजे माझ्या सासूबाई, उलझान. घर त्यांचं आहे. लग्न झाल्यावर थोडे दिवस म्हणून मी इथे राहायला आलो, आणि तेव्हा माझी मुलगी लग्नाला आली होती. आमच्याकडे घरजावयाला कुत्र्याचं पिल्लू म्हणण्याची पद्धत आहे. मला तोंडावर कुणी तसं म्हणत नाही. म्हणणाऱ्याचं तोंड एखाद दिवशी माझ्या हातात सापडू शकतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

"काय झालं?" मी बायकोला विचारलं.

"कुर्त खात होती," झौरे म्हणाली. कुर्त म्हणजे वाळवलेल्या दह्याच्या गोळ्या. मुरलेली गोळी हातोड्याने फोडावी लागते. आपा ती दाढेने फोडतात. म्हणजे फोडत होत्या. "गोळी शाबूत आहे. दाढेचे दोन तुकडे झाले."

पुढे दोन दिवसांत गाल असा सुजला की आपांचा एक डोळा कायम संशयाने बघितल्यासारखा दिसायला लागला. दुसरा मुळातच तसा आहे. मी गोळ्या देऊन सूज थोडी उतरवली, पण दाढ काढण्यावाचून इलाज नव्हता. त्यात येत्या शनिवारी मुलाकडची माणसं आमच्या मोल्दिरच्या कानात झुमके घालायला येणार होती. झुमके घातले की मुलगी ठरली. झुमके घातल्यावर घरातल्या सर्वांत वडील माणसाने हात पसरून आशीर्वाद द्यायचा, आणि तो आपांनीच द्यायचा हे आपांनी मोल्दिरच्या जन्माच्या दिवशीच जाहीर करून टाकलं होतं. त्यांनी सराव करून पाहिला. पण 'सुखाने नांदा' सुजलेल्या गालातून बाहेर येईपर्यंत त्याचं 'दुखाने नांदा' होत होतं. मोल्दिर रडायला लागली.

"आपा, उद्या माझ्याबरोबर दवाखान्यात चला," मी म्हणालो. "अर्ध्या तासाचं काम आहे."

"पूल मी ओलांडणार नाही."

"आपा..."

"मी लहान होते तेव्हा त्या पुलावरून गुरं जायची. त्यांना कुणी कागद विचारत नव्हतं. मी गुरांपेक्षा कमी आहे का?"

या प्रश्नाला घरजावयाने उत्तर द्यायचं नसतं.

"मग आपल्या गावातल्या डॉक्टरकडे जाऊ. पोरगा चांगला आहे."

"आणि लोक काय म्हणतील? घरात दंतवैद्य असताना सासू बाहेर तोंड उघडून बसली! तुझी काय इज्जत राहील, एर्मुखान?"

माझ्या इज्जतीची आपांनी इतकी काळजी केल्याचा हा पहिलाच प्रसंग. मी भारावलो. सगळ्या घोटाळ्याचं मूळ त्या भारावण्यात आहे.

"अहो, मग इथेच काढा की," झौरे म्हणाली. "स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवा तिला. मी डोकं धरते."

"स्टुलावर?"

"का? दाढेला काय कळतंय खाली स्टूल आहे की सिंहासन?"

मी तिला शांतपणे समजावलं की ज्या माणसाने इतकी वर्षं पायाने दाबून वर-खाली होणाऱ्या खुर्चीजवळ उभं राहून काम केलं आहे, तो कांदे चिरण्याच्या स्टुलावर शस्त्रक्रिया करत नसतो. पेशाला काही प्रतिष्ठा असते. झौरे कांदे चिरायला निघून गेली.

पण बोलता बोलता मला खुर्ची सुचली होती. आमच्या दवाखान्यात नवीन खुर्च्या आल्या होत्या आणि माझी जुनी खुर्ची बोळात भिंतीला टेकून पडली होती. हिरवं रेक्झिन, ओतीव लोखंडाचा पाय, नवीन खुर्च्यांसारखी विजेची चोचलेगिरी नाही. ती घरी आणायची, आपांना तिच्यात बसवायचं, दाढ काढायची, आणि पुढेमागे घरीच छोटासा दवाखाना थाटायचा. म्हणजे एक दिवस कदाचित रांगेत उभं राहायचंच बंद. मोठ्या डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, "आजच्या आज ने. तिच्यात अडखळून माझा गुडघा फुटलाय."

मी ही योजना शेजारच्या ओराझला सांगितली. सांगायला नको होती. ओराझ निवृत्त ट्रकचालक आहे. ज्या ज्या सीमेवर तो अडकला होता, त्या प्रत्येक सीमेबद्दल त्याला सल्ला देता येतो, आणि तो जवळजवळ सगळ्याच सीमांवर अडकलेला आहे.

"अख्खी खुर्ची नेलीस की मेलास," तो म्हणाला. "तिचे सुटे भाग कर. रोज एक भाग आण. अख्खी असली की तो माल. सुटा भाग म्हणजे सामान."

"आणि लोखंडी पाय?"

"तो शेवटी. तोपर्यंत त्यांना तुझी सवय झालेली असेल."

मला हे पटलं. आज विचार करतो तेव्हा, का पटलं ते आठवत नाही. सोमवारी मी खुर्चीचं डोकं टेकायचं उशीसारखं असतं ते काखेत मारून नाका ओलांडला. आमच्या बाजूच्या शिपायाने विचारलं, "काय हे?" मी म्हणालो, "उशी." मंगळवारी उजवा हात आणला. "काय हे?" "हात." त्याने माझ्याकडे पाहिलं, हाताकडे पाहिलं आणि जा म्हणाला. बुधवारी थुंकायचं भांडं आणलं. त्या दिवशी त्याने काहीच विचारलं नाही, नुसतं वहीत काहीतरी लिहिलं. ओराझला सांगितलं तर तो म्हणाला, "बघ, सवय होतेय."

गुरुवारी हिशेब केला, या वेगाने खुर्ची शनिवारपर्यंत येत नव्हती. म्हणून शुक्रवारी सकाळी मी रजा काढली आणि उरलेली खुर्ची, म्हणजे जवळजवळ सगळीच, तोक्तोमुश नावाच्या हमालाच्या हातगाडीवर चढवून बिश्केकच्या बाजूने पुलाकडे निघालो. तोक्तोमुशची हातगाडी रोज पुलावरून बटाटे, गालिचे आणि चालून दमलेल्या म्हाताऱ्या नेते. तो खुर्चीकडे बघून म्हणाला, "डॉक्टर, हिच्यावर कुणी मेलंय का?"

"नाही."

"मग जाईल."

किर्गिझ नाक्यावर झिपारा नावाच्या इन्स्पेक्टर बाई होत्या. रोजची तोंडओळख. त्यांनी खुर्चीला एक फेरी मारली.

"डॉक्टर, ही खुर्ची आहे की वैद्यकीय उपकरण? खुर्ची असेल तर घरसामान, घेऊन जा. उपकरण असेल तर लिहावं लागेल."

खुर्ची म्हटलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण रांगेतली माणसं ऐकत होती, आणि माझ्या मागेच एक न्हावी उभा होता. "उपकरण," मी म्हणालो. "दंतशल्यचिकित्सेचं."

झिपारा बाईंनी ते सगळं, जोडाक्षरांसकट, कागदावर लिहिलं, शिक्का मारला आणि कागद माझ्या हातात दिला. मी प्रतिष्ठेने पुलावर चढलो.

पुलाच्या उत्तरेच्या टोकाला आमचा नाका. तिथे कॅप्टन शिनबोलात. रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा माणूस. त्या दिवशी तो नेहमीपेक्षाही कमी बोलत होता आणि एक हात गालावर ठेवून होता. मी ते पाहिलं. पाहून सोडून दिलं, कारण तेव्हा मी प्रवासी होतो.

"हे काय?"

इथे मी शहाणपणा केला. "घरसामान. खुर्ची आहे साधी."

त्याने कागद वाचला. "इथे उपकरण लिहिलंय."

"हो, म्हणजे..."

"त्या टोकाला उपकरण, या टोकाला खुर्ची. पुलावर काय झालं हिला?"

मी खुर्चीवरची धूळ पुसली.

"उपकरण असेल तर आरोग्य खात्याची परवानगी दाखवा." मग त्याने खुर्ची निरखली. "हिचा एक हात कुठाय?"

"घरी."

"घर कुठाय?"

"इथेच. तुमच्या, म्हणजे आपल्या देशात."

"डोकं?"

"तेही घरीच."

कॅप्टनने शिपायाकडून वही मागवली, मागची पानं चाळली आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला स्वतःचाच संशय यायला लागला. "म्हणजे ही खुर्ची सोमवारपासून घुसतेय," तो म्हणाला. "परत न्या."

परत नेली. झिपारा बाई म्हणाल्या, "डॉक्टर, आमच्या हिशेबी ही देशाबाहेर गेली. आता आत आणायची म्हणजे आयात. त्याला वेगळी परवानगी लागते."

"पण ती तुमचीच आहे! आत्ता इथूनच गेली!"

"जाताना आमचीच होती," झिपारा बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात सहानुभूती होती, पण हात फाटकावर होता.

तोक्तोमुशने पुलाच्या मधोमध खुर्ची उतरवली. "मला बटाटे न्यायचेत," तो म्हणाला. "तुमचं ठरलं की हाक मारा." आणि गेला.

पुलाच्या मध्यावर एक पांढरा पट्टा आहे. त्याच्या अलीकडे एक देश, पलीकडे दुसरा. खुर्चीचा लोखंडी पाय बरोबर त्या पट्ट्यावर होता. ऊन चढत होतं. उभं राहून पाय दुखायला लागले, म्हणून मी खुर्चीत बसलो. दुसरं काही बसायला नव्हतंच. ज्या पुलावर लोक मला 'नमस्कार डॉक्टर' म्हणतात, तिथे मी एका हाताच्या हिरव्या खुर्चीत बसून होतो आणि दोन्हीकडून चालणारी माणसं मला वळसा घालून जात होती. एकाने दाढीचं विचारलं. एका बाईने लांबूनच, "ओ, नुसते केस कापायचे असले तर बसायला लागतं का?" असं विचारलं. सकाळचा तो न्हावी पुन्हा तिथून गेला. नुसता हसला, आणि तेच जास्त लागलं.

थोड्या वेळाने कॅप्टन शिनबोलात स्वतः चालत आला.

"ही हलवा. वाट अडतेय."

"कुठे हलवू?"

त्याने दोन्ही बाजूंना पाहिलं. प्रश्न रास्त होता. विचार करताना त्याने गाल दाबला आणि डोळे मिटले.

"खालची, डावी बाजू," मी म्हणालो. "थंड पाणी प्यायलं की कळ कानापर्यंत जाते. झोप नाही."

कॅप्टनने डोळे उघडले. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुमच्या गालाने. बसा."

"मी ड्यूटीवर आहे."

"दाढ पण ड्यूटीवर आहे."

त्याने वळून आपल्या नाक्याकडे पाहिलं. मग हलक्या आवाजात म्हणाला, "खुर्ची पट्ट्यावर आहे. गणवेश घालून मला पलीकडे जाता येत नाही."

आम्ही दोघांनी मिळून खुर्ची चार हात उत्तरेला सरकवली. आता ती पूर्णपणे कझाकस्तानात होती. तिच्या इतक्या दिवसांच्या प्रयत्नांना आलेलं हे पहिलं यश. मी बॅग उघडली, इंजेक्शन दिलं, किडलेला भाग खरवडून काढला आणि औषधाचा बोळा भरला. कॅप्टन मुकाट बसला होता, फक्त त्याचे बूट एकमेकांना घट्ट धरून होते. बधीर जिभेने तो म्हणाला, "घन्यवाघ घॉक्टर." आणि खुर्ची पुन्हा पट्ट्यावर सरकवून निघून गेला. कायद्याच्या बाबतीत तो फार काटेकोर होता.

हे दुसऱ्या टोकावरून दिसत होतं. झिपारा बाई आल्या. त्यांची अक्कलदाढ त्रास देत होती. खुर्ची चार हात दक्षिणेला गेली. मग आमच्या बाजूचा वहीवाला शिपाई आला. मग त्यांच्या बाजूचा कुत्रा सांभाळणारा आला. त्याच्या कुत्र्याचे दात मी बघितले नाहीत, पण आग्रह झाला. दुपारपर्यंत ती खुर्ची इतक्या वेळा दोन देशांत जाऊन आली की मला माझ्याच इतक्या वर्षांच्या ये-जा करण्याचं काही वाटेनासं झालं.

पुलावरून घरी जाणाऱ्या लोकांनी ही बातमी गावात नेली, आणि नेताना ती वाढवली. झौरेला ती मिळाली तेव्हा अशी होती: तुझा नवरा नोकरीवरून काढला गेला आहे आणि पुलावर हजामत करतो आहे.

मी वहीवाल्या शिपायाची दुसरी दाढ बघत होतो, आणि आमच्या नाक्याच्या बाजूला गलका झाला. मान वर केली तर पुलावरून आपा येत होत्या. डोक्याला पांढरा रुमाल, त्यावरून सुजल्या गालाभोवती लोकरी शाल, हातात ओळखपत्र एखादा दगड धरावा तसं धरलेलं. मागे झौरे, तिच्या मागे ओराझ.

"जावईबुवा," आपा म्हणाल्या.

आपा मला एरवी 'अरे' म्हणतात. जावईबुवा म्हटलं की समजायचं.

"आपा, तुम्ही कशाला आलात? उन्हात..."

"माझ्या नातीच्या सासरची माणसं उद्या येतायत, आणि तिचा बाप भर रस्त्यात लोकांच्या तोंडात हात घालून बसलाय. मी येऊ नको?"

"हे सगळं तुमच्याचसाठी चाललंय, आपा. तुमच्या दाढेसाठीच ही खुर्ची..."

"माझ्या दाढेसाठी खुर्ची?" त्यांनी खुर्चीकडे पाहिलं. मग उघड्या बॅगेकडे पाहिलं. "दाढ कशाने काढतात?"

"चिमट्याने."

"चिमटा कुठे असतो?"

"बॅगेत."

"बॅग रोज कुठे येते?"

झौरे नदीकडे बघायला लागली. ओराझ म्हणाला, "आपा, तत्त्व म्हणून बघितलं तर..." आणि आपांनी नुसतं त्याच्याकडे वळल्यावर तो थांबला.

"ऊठ रे," आपा त्या शिपायाला म्हणाल्या. शिपाई उठला. आपा खुर्चीत बसल्या, शाल सोडली आणि तोंड उघडलं.

मी इंजेक्शन दिलं आणि पाय दाबून खुर्ची वर घेतली. भोवती माणसं उभी राहिली. येणारी आणि जाणारी, पिशव्या घेतलेली, एक पोर खांद्यावर असलेली. कुणीतरी आपांच्या डोक्यावर छत्री धरली. डोकं टेकायची उशी घरी होती, म्हणून झौरेने दोन्ही हातांनी डोकं धरलं. तिने स्टुलाचा विषय काढला नाही, याचं मला आजही कौतुक आहे. दाढ हट्टी होती. दोन मुळं आली, तिसरं येईना. आपांनी हूं केलं नाही. फक्त त्यांनी माझं मनगट धरलं होतं, आणि किती घट्ट ते मला आणि त्यांनाच ठाऊक होतं. शेवटी तिसरं मूळ आलं. पुलावर टाळ्या वाजल्या.

आपांनी कापूस चावून धरला आणि तशाच बसून राहिल्या. तोंड दक्षिणेकडे होतं. लोक पांगायला लागले.

"ते उंच चिनार दिसतात ना," त्या कापसातून म्हणाल्या, "त्यांच्या मागे काल्माची कबर आहे."

काल्मा म्हणजे त्यांची थोरली बहीण. नदीपलीकडे दिली होती एवढंच मला माहीत होतं.

"ती गेली तेव्हा हा नाका नवीनच झाला होता. मी आले धावत, हातातली कणीक तशीच. इथे एक माणूस म्हणाला, कागद? मी म्हटलं, बाबा, बहिणीला माती द्यायचीय. तो म्हणाला, कागद आणा. घरी गेले, कागद शोधला, आणला. तोवर सगळे कबरीवरून परत येत होते." त्यांनी कापूस नीट बसवला. "मी पुलावरून तशीच वळले. म्हटलं, परत यांना तोंड दाखवणार नाही."

इतकी वर्षं मी रोज त्या चिनारांच्या समोरून जात होतो आणि रांग किती लांब आहे एवढंच बघत होतो.

तेवढ्यात कॅप्टन शिनबोलात आला. गालावरून त्याचा हात गेला होता आणि चेहरा दहा वर्षांनी तरुण दिसत होता. त्याने आपांना वाकून सलाम केला आणि माझ्याकडे वळला. "माझी ड्यूटी संपत आली. ही पुलावर ठेवून मी घरी जाऊ शकत नाही. उपकरण आत घेता येत नाही, घरसामान म्हणून कागद नाही. पण," तो घसा खाकरून म्हणाला, "अपंगाची खुर्ची मालात धरत नाहीत. अपंग माणूस तिच्यात बसलेला पाहिजे."

सगळ्यांनी आपांकडे पाहिलं.

"कोण अपंग?" आपा म्हणाल्या आणि खुर्चीतून उतरल्या. "मी चालत आले, चालत जाणार." मग त्यांनी बोट माझ्याकडे केलं. "हा बसेल."

"मी?"

"तुला खुर्ची घरी न्यायचीय की मला?"

तोक्तोमुशला हाक मारली. त्याने खुर्ची गाडीवर चढवली, मग मला चढवलं, आणि झौरेने माझ्या पायांवर शाल घातली. पडू नये म्हणून ओराझने मला पट्ट्याने बांधलं. त्याची गरज नव्हती. ज्या नाक्यातून मी रोज ताठ मानेने चालत जातो, तिथून त्या दिवशी मी बटाट्याच्या गाडीवरून गेलो. कॅप्टन वही उघडून उभा होता. कायद्याप्रमाणे विचारणं भाग होतं.

"रुग्णाशी नातं?"

"जावई," आपा म्हणाल्या.

"त्रास काय आहे?"

"डोक्याचा."

कॅप्टनने ते लिहून घेतलं. मला वाटतं, ते अजूनही तिथे लिहिलेलं आहे.

खुर्ची घराच्या दारातून आत गेली नाही. दार काढलं, तरी गेली नाही. ती अंगणात जर्दाळूच्या झाडाखाली ठेवली, हात आणि डोकं जोडलं. शनिवारी मुलाकडची माणसं आली, झुमके घातले गेले, आपांनी हात पसरून आशीर्वाद दिला, आणि 'सुखाने नांदा' इतकं खणखणीत निघालं की झाडावरची चिमणी उडाली. व्याही म्हणाले, काय सुंदर परंपरा आहे, अंगणात खुर्ची ठेवायची. त्यांना कुणी काही समजावलं नाही. जेवणानंतर मुलाचे आजोबा तिच्यात बसले आणि परत उठेचनात. शेवटी मी त्यांची कवळी घासून दिली.

रविवारी पहाटे उठलो तर आपा दाराशी तयार होत्या. नवा रुमाल, मखमली कोट, एका फडक्यात बांधलेले बाउर्साक, म्हणजे कणकेचे तळलेले गोळे.

"चल," त्या म्हणाल्या.

"आज सुट्टी आहे, आपा. दवाखाना बंद असतो."

"दवाखान्यात कोण जातंय?"

आम्ही रांगेत उभे राहिलो. मला वाटलं, रांग बघून त्या चिडतील. चिडल्या नाहीत. पुढच्या बाईच्या पिशवीतले कांदे तपासले, मागच्या माणसाला त्याचं पोर थंडीने आजारी पडेल म्हणून झापलं, आणि खिडकीपाशी आल्यावर ओळखपत्र काचेखालून सरकवलं. आत किर्गिझ बाजूचा तरुण शिपाई होता, नव्यानेच लागलेला. त्याने कार्ड पाहिलं, चेहरा पाहिला.

"प्रवासाचं कारण, आजी?"

"बहिणीला भेटायचंय."

"मुक्काम किती दिवस?"

"संध्याकाळी परत येणार." आपांनी बाउर्साकची गाठ सारखी केली. "ती आता फार बोलत नाही."

त्याने कार्ड दोन्ही हातांनी परत दिलं. आपा फाटकातून पलीकडे गेल्या आणि चिनारांच्या दिशेने, मागे न बघता, चालायला लागल्या. घाईने जाऊन त्यांना गाठावं म्हणून मी माझं ओळखपत्र पुढे केलं.

शिपायाने ते घेतलं, बाजूला ठेवलं, टोपी मागे सरकवली आणि काचेला अगदी चिकटून तोंड उघडलं.